मागची दोन भोकं

आमच्या लातुरात त्या काळी दोनच धंदे जोरात होते. एक भिंतीच्या भेगा बुजवायचा आणि दुसरा पोरांना डॉक्टर करायचा. भूकंपाला काही वर्षं उलटली होती. पडलेली गावं नव्या जागी नंबर टाकून बसवली होती, आणि आमचं शहर, जे त्यातून वाचलं, त्याला एकाएकी शिक्षणाचं खूळ लागलं होतं. ज्याच्याकडे एक जादा खोली तो मुलं ठेवणारा, ज्याला दोन सूत्रं पाठ तो क्लासवाला. चौकाचौकात पास झालेल्या पोरांचे चेहरे बॅनरवर टांगलेले. मला त्या बॅनरांचा मनापासून तिटकारा होता. त्यांच्याच जिवावर माझं घर चालत होतं हेही आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई मोठी सोवळी.

आमच्याकडे सात मुली राहायच्या. कुणी हदगावची, कुणी देगलूरकडची, सगळ्या नांदेड जिल्ह्यातल्या. त्यांचे आईबाप मुलीला सोडायला यायचे तेव्हा मुलगी अभ्यासाला कुठं बसेल हे एकानेही कधी विचारलं नाही. पहिला प्रश्न ठरलेला, पहाटे आंघोळीला गरम पाणी मिळतं ना? जसं काही डॉक्टर होणं हे पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून होतं. क्लास साडेपाचला, म्हणजे पाणी साडेचारला उकळायला लागलं पाहिजे. गॅसवर स्वयंपाक व्हायचा, सात जणींचं पाणी गॅसवर तापवायला मी काही सिलिंडरच्या एजन्सीची मालकीण नव्हते. विजेचं म्हणाल तर पहाटेची लाइट आमच्याकडे फक्त कागदावर असायची. राहिली चूल.

ही चूल माझ्या सासूच्या ताब्यात होती. मी त्यांना आत्या म्हणायची. आत्यांचं गाव औसा तालुक्यातलं, भूकंपात सपाट झालेलं. सासरे माळवदाखाली गेले. माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं धाब्याचं छत, उन्हाळ्यात गार आणि अंगावर पडलं तर थेट थडगं. आत्या त्या पहाटे म्हशीची धार काढायला बाहेर उठून गेल्या होत्या म्हणून वाचल्या. पुढे सरकारने नव्या वसाहतीत सिमेंटचं घर दिलं, पण त्यात एकटीने राहवेना म्हणून आमच्याकडे आल्या. शहरात त्यांना ना शेत, ना म्हैस, ना बोलायला कुणी. मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली तीन दगडांची चूल मांडली आणि मुलींचं पाणी तापवायचं काम त्यांनी न विचारता स्वतःकडे घेतलं. गावच्या शेतातून तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, यायच्या, त्या मोडायच्या, जाळ लावायचा, एकेका पोरीला हाक मारून बादली भरून द्यायची. तेवढ्या दोन तासांत त्या गावातल्यासारख्या दिसायच्या.

आणि खोकायच्या. त्या हिवाळ्यात खोकला इतका वाढला की एक पोरगी म्हणाली, काकू, आजींच्या आवाजाने आमचा गजर वाजायच्या आधी जाग येते. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने छाती ऐकली, फोटो काढला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की धूर बंद करा, नाहीतर यांना चुलीपासून उठवा, तिसरा इलाज नाही. घरी आल्यावर मी आत्यांना चुलीपासून उठायला सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग मला नंबरच्या घरात नेऊन टाक. हितं नुसतं बसून काय करू?"

त्या खरंच गेल्या असत्या. त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता. आणि त्या वसाहतीत एकट्या, त्या छातीसकट, किती दिवस निघाले असते तेही ठाऊक होतं. तेव्हा चूल बदलायची ठरली. धूर न करणारी, तुराट्यांवर चालणारी आणि त्यातच पाणी तापवणारी. एवढं साधं मागणं. पण साधं मागणं घेऊन बाजारात गेलं की शहाण्यांची जत्रा भरते, हे मला तेव्हा कळलं.

पहिले शहाणे आमचे हे. शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना तांब्याचा बंब पाहिजे होता. बंब मी माहेरी, मुदखेडला, लहानपणापासून बघितलेला. आमचं घर स्टेशनाजवळ, रुळाकाठी पडलेला इंजिनाचा अर्धवट जळका कोळसा आम्ही पोरी परकराच्या ओच्यात गोळा करून आणायचो आणि बंबाच्या मधल्या नळीत टाकायचो. पाणी तापायचं झकास, पण त्या नळीतून जे बाहेर पडायचं त्याने न्हाणीचं छत काळं ठिक्कर झालं होतं. हे मी ह्यांना सांगितलं. ह्यांचं म्हणणं, तांब्याला एक तेज असतं. तेज ह्यांना बघायचं आणि चिंचेने घासायचं मी. मी म्हटलं, चित्र काढा बंबाचं आणि लावा भिंतीवर.

दुसरे शहाणे सरकारी. भूकंपानंतर आमच्याकडे मदत घेऊन जी माणसं आली त्यांचा मला आजही राग येतो. कुणी स्वेटर वाटले, कुणी उंच टाचांच्या चपला, कुणी प्रत्येक घरात बिनधुराची चूल बसवून दिली. तशी एक आत्यांच्या नंबरच्या घरातही होती. मुद्दाम बघायला गेले. सिमेंटची, दोन तोंडांची, मागे धुराडं. धुराडं छतापाशी जाऊन थांबलेलं. छताला भोक पाडलं तर गळेल म्हणून साहेबाने धुराडं घरातच संपवलं होतं! म्हणजे धूर खालून न निघता वरून निघायचा, फरक एवढाच. चूल बसवल्यावर आत्यांना शेजारी उभं करून फोटो काढला होता, तो म्हणे कुठल्याशा अहवालात छापला. दुसऱ्या तोंडावर तवा बसत नव्हता, तिथं आत्या मिठाची बरणी ठेवायच्या.

तिसरे माझे मामेदीर, नांदेडला कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे. त्यांनी स्वतः एक चूल तयार केली होती आणि ती दाखवायला आम्हाला गच्चीवर नेलं. बॅटरीवर पंखा, पंख्यावर नळी, नळीवर काटा. लाकडाचे बोटाएवढे तुकडे करून, उन्हात वाळवून डब्यात भरलेले. चूल पेटली सुंदर, निळा जाळ, धूर नाही. मी पिशवीतून तुराटी काढली, तर ती आत जाईना. मामेदीर म्हणाले, वहिनी, इंधनाचा आकार प्रमाणित पाहिजे. मग विचारलं, तुम्ही रोज किती ग्रॅम लाकूड जाळता? आता काय सांगावं! पहाटे साडेचारला माझ्या सासूने तराजू घेऊन बसायचं आणि तुराट्यांची नखं कापायची. मी चहा अर्धा ठेवून उठले. एवढ्या शिकलेल्या माणसाला तुरीचं झाड कसं असतं माहीत नसावं, याची मला लाज वाटली, त्याला वाटली नाही.

शेवटी सापडले ते पत्रेवाले चाचा. गंजगोलाईच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत दुकान, पेट्या, कणग्या, कूलर असलं सगळं पत्र्याचं काम. बाप, आजा, पणजा सगळे निजामाच्या काळापासून तिथंच ठोकत बसलेले. मी आत्यांनाही सोबत नेलं होतं. चाचांनी एक चूल दाखवली. जाड लोखंडी पत्र्याचं पिंप, त्याला दुहेरी भिंत, दोन भिंतींच्या मध्ये पाणी, बाजूला तोटी. आत जाळ, वर पातेलं ठेवायला जागा, मागून धुराडं थेट छपराच्या वर. पाण्याच्या खाली एक पट्टा आणि पट्ट्याला सभोवार अंगठ्याएवढी भोकं, आठ पुढे, दोन मागे. आत्यांनी स्वतः आणलेल्या तुराट्या घातल्या, पेटवल्या आणि तिथंच मांडी घालून बसल्या. तासभर जाळ घालत होत्या. चाचांनी धुराड्यावर पांढरा रुमाल धरला, तो पांढराच राहिला. मी रुमालाकडे बघत नव्हते. आत्या तासाभरात एकदाही खोकल्या नव्हत्या. निवड मी केली असं मी गल्लीभर सांगितलं, पण निवड तिथंच, आत्यांच्या त्या तासाभरात झाली होती.

चाचा चूल बसवायला घरी आले तेव्हा हवेबद्दल काहीतरी सांगत होते. हवा खेळती ठेवा, हवेकडे लक्ष ठेवा. मला वाटलं, हाही मामेदिराच्या जातीचा, आता काटा काढेल. मी म्हटलं, चाचा, लातुरात दुसरं काही नसलं तरी हवा फुकट आहे. ते हसले आणि गेले. त्यांना अपमान कळला की नाही कोण जाणे, मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं.

पहिले आठ दिवस दृष्ट लागावी असे गेले. पोरी तोटी फिरवून बादल्या भरायच्या, आत्या न खोकता त्यांना गावाकडच्या गोष्टी सांगायच्या. त्या पोरींचं 'करून राहिले, जाऊन राहिले' ऐकून हसायच्या आणि पोरी त्यांच्या 'करायलाव, जायलाव'ला हसायच्या. मग एका पोरीच्या ओढणीचं टोक तापल्या पत्र्याला लागून करपलं. शिवाय नुसत्या लोखंडाची उघडी चूल मला बघवेना. चुलीला रोज पोतेरं दिलंच पाहिजे, शेणामातीने सारवलीच पाहिजे, न सारवलेली चूल फक्त मयताच्या घरी असते. म्हणून दुपारी चूल गार झाली की मी ती लिंपायला लागले. लिंपताना त्या भोकांतून राख गळताना दिसली. मी मनात म्हटलं, एवढ्या पिढ्या पत्रा ठोकतात आणि भोकं बुजवायची अक्कल नाही. मुठीएवढी माती घेतली आणि एकेक भोक गच्च भरून टाकलं, मागची भिंतीकडची दोन तर न दिसता, नुसती चाचपून.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. भूकंपाच्या आधी महालक्ष्म्यांना मी गावाकडे गेले होते. चुलीमागच्या भिंतीत मला एक भेग दिसली. बोट जाईल एवढी, थेट वरच्या तुळईपर्यंत गेलेली. हाताशी माती होती, पाणी होतं, महालक्ष्म्यांसाठी घर नुकतंच सारवलं होतं. पण नवीन लुगडं नेसले होते, कंटाळा आला. मनात म्हटलं, दिवाळीला येऊ तेव्हा लिंपू. दिवाळीला तिथं भिंत नव्हती, सासरेही नव्हते.

भेगेत माती भरल्याने माळवद थांबलं असतं असं कुणी शहाणा म्हणणार नाही. मलाही ते कळतं. पण तेव्हापासून मला कुठंही भोक, फट, भेग दिसली की हात शिवशिवतात. घराची एकही चीर मी ठेवली नव्हती. शेजाऱ्यांच्या भिंतीला तडे दिसले की त्यांना तोंडावर आळशी म्हणायची. लोक म्हणायचे, बाई फार टापटिपीची आहे.

तर चूल मी लिंपली आणि चूल धूर ओकायला लागली. आत्यांचा खोकला परतला, आधीपेक्षा जोराचा. मी आधी तुराट्यांना दोष दिला, ओल्या आहेत. मग ह्यांना दोष दिला, धुराडं वाकडं धरलं होतं. मग पोरींना, भलतं पाणी उपसतात म्हणून. सगळे संपल्यावर चाचांवर आले. म्हटलं, दुकानात एक चूल दाखवतो आणि घरी दुसरी देतो, हलका पत्रा, फसवी जात. मी 'जात' म्हणाले ते पत्रेवाल्यांची म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. आज समजावत नाही. चार महिने हे चाललं. चार महिने मी रोज दुपारी ती भोकं नव्याने भरत होते आणि आत्या रोज पहाटे त्या चुलीसमोर बसत होत्या. डॉक्टर म्हणाले, आता उठवाच यांना, मला पुन्हा सांगायला लावू नका. आत्यांनी पिशवीत दोन लुगडी भरून ठेवली.

त्या दिवशी मी ह्यांना चाचांकडे पिटाळलं आणि चाचांना घरी बोलावून घेतलं. काय काय ऐकवायचं याची तयारी सकाळपासून झाली होती. चाचा आले, मी सुरू झाले. त्यांनी मधेच थांबवलं नाही. उकिडवे बसले, खिशातून पेचकस काढला आणि पुढच्या भोकावर टोचला. माझ्या हातची भाजून वीट झालेली माती आत पडली. दुसऱ्या भोकावर टोचला, तिसऱ्या. आठही भोकं उघडी झाली तेव्हा ते मला म्हणाले, "बाई, चूल कू बी सांस लेना पड़ता. नाक आपीच बंद कर दिये."

  चाचा वाकून चुलीच्या मागे भिंतीच्या बाजूला हात घालून चाचपत होते. मग त्यांनी मान वर करून मला वाकून बघायला सांगितलं. मागची दोन भोकं उघडीच होती. नुसती उघडी नाही, कडा घासून चकाकत होत्या. कुणीतरी ती रोज टोकरत होतं. त्या दोन भोकांवरच ती चूल चार महिने कशीबशी जळत होती.

आत्या दारात बसल्या होत्या. अंबाड्यातला आकडा त्यांनी काढून समोर ठेवला. तो टोकाला काळा झाला होता.

"मागची दोन मीच उघडत होते," त्या म्हणाल्या. "पुढची तुला दिसतेत."

मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं तर बोलला का नाहीत? चार महिने धूर खाल्ला, गावाला जायला निघालात, आणि एक शब्द नाही? माझा आवाज चढला होता. त्यांच्यावरच चिडले होते मी, तेव्हासुद्धा.

आत्या बराच वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, "तू लिंपायलीस तवा तुझं तोंड बघितलंय मी. म्हटलं, लिंपू दे. चुलीमागची ती भेग मला बी दिसली हुती गं. मी बी म्हटलं हुतं, दिवाळीला सून येईल तवा लिंपून घेऊ."

चाचा उठले, पेचकस पुसला आणि निघाले. मी त्यांना चहासाठी थांबा म्हणाले. ते थांबले. ते माझ्या घरी दुसऱ्यांदा आले होते आणि तोवर मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, हे मला कप धुताना आठवलं.

पिशवीतली दोन लुगडी आत्यांनी स्वतःच काढून दोरीवर टाकली. पुढे सहा वर्षं त्या त्या चुलीसमोर बसल्या. पोरींच्या तीन-चार खेपा येऊन गेल्या, काही खरंच डॉक्टर झाल्या आणि आता त्यांचेही चेहरे बॅनरवर टांगलेले असतात. खोकला मात्र पुरता गेला नाही. त्या चार महिन्यांचा जेवढा होता तेवढा त्यांच्या छातीत राहिला, आणि त्या खोकल्या की 'म्हातारपण' म्हणायच्या, माझ्याकडे न बघता.

चूल मी रोज सारवतच होते. फक्त आता बोटाने, प्रत्येक भोकाभोवती गोल फिरवून, कडेला माती लागू न देता. आणि मागची दोन भोकं मला दिसत नसत, तर तिकडचं पोतेरं आत्या द्यायच्या.